प्राप्तिकर न भरणाऱ्यांची म्हातारपणाची पुंजी

प्राप्तिकराच्या कायद्यात ‘सवलत’ या शब्दाला एक विचित्र अट चिकटलेली आहे. सवलत मिळावी म्हणून आधी कर लागू व्हावा लागतो. ज्याच्या उत्पन्नावर कर बसतच नाही, त्याने म्हातारपणासाठी चार पैसे बाजूला टाकले तर सरकार त्याची तोंडभरून स्तुती करते. परंतु ज्याचे उत्पन्न भरघोस आहे त्याने तेवढेच पैसे त्याच कारणासाठी बाजूला टाकले, तर त्यातला काही भाग सरकारी तिजोरी आपल्या अंगावर घेते. कराच्या तीस टक्क्यांच्या पायरीवर उभ्या असलेल्या गृहस्थाला अशी शंभर रुपयांची शिल्लक कित्येक वर्षे सत्तर रुपयांना पडत आली. त्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती पुऱ्या शंभराला पडली. हा प्रकार कोणी दुष्ट बुद्धीने योजला असे मुळीच नाही. तो एकेका कलमाने, एकेका दुरुस्तीने, सव्वाशेहून अधिक वर्षांत घडत आला आहे, आणि म्हणूनच त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

आपल्याकडे प्राप्तिकर आला तो १८६० साली. सत्तावन्नच्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले आणि राणीच्या सरकारच्या माथी कर्जाचा बोजा आला. तो निस्तरण्यासाठी जेम्स विल्सन या अर्थशास्त्रज्ञाला विलायतेहून मुद्दाम धाडण्यात आले. त्याने वर्षाला दोनशे रुपये व त्यावरील उत्पन्नावर कर बसविला, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास त्याचे निधन झाले. कर नवा, अधिकारी अननुभवी, लोकांच्या तक्रारी अमाप; पाच वर्षांत तो उठला, मग निरनिराळी नावे घेऊन येत-जात राहिला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा वस्तीला आला. या कायद्याने करमाफीची मर्यादा पाचशे रुपयांवर ठेवली, शेतीचे उत्पन्न वगळले, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक तरतूद केली. आयुर्विम्याचा हप्ता, किंवा पुढे वार्षिकी मिळावी म्हणून भरलेली रक्कम, उत्पन्नाच्या एक षष्ठांशापर्यंत करातून मोकळी राहील, अशी ती तरतूद होती. कल्पना विलायतेचीच. ग्लॅडस्टनने १८५३ साली आपल्या देशात अशीच सूट दिली होती.

ही सूट कोणाच्या वाट्याला आली असेल? दादाभाई नौरोजींनी हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये काढले होते. पाच माणसांच्या कुटुंबाचे झाले शंभर. पाचशे रुपयांची मर्यादा ओलांडणारा मनुष्य म्हणजे वकील, मामलेदार, सावकार, गिरणीचा भागीदार. म्हातारपणाची तरतूद करणाऱ्याला सरकारने हात द्यावा, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात प्रथम उमटले ते अशा मूठभर लोकांपुरते. बाकीच्यांची म्हातारपणाची पुंजी म्हणजे कर्ता मुलगा, दावणीची म्हैस, बायकोच्या अंगावरचे चार मणी, फार झाले तर १८८२ पासून निघालेल्या टपाल कचेरीतील बचत बँकेचे पुस्तक.

हे बाकीचे लोक कर भरीत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. ते मिठावरचा कर भरीत होते. २६ मार्च १९०२ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. त्याच्या तयारीत सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा हात होता. तिजोरीत शिल्लक पडते ती देश सुखी आहे म्हणून नव्हे, कर गरजेपेक्षा जास्त आहेत म्हणून, हे त्यांनी आकड्यांनी दाखविले, आणि कराचा भार हलका करावयाचा तर कोठे करावा, हेही सांगितले. त्यांच्या मागण्यांत दोन मागण्या शेजारीशेजारी होत्या : मिठावरचा कर कमी करा, आणि प्राप्तिकराची माफी हजार रुपयांपर्यंत वाढवा. मला या शेजाराचे फार महत्त्व वाटते. पाचशे ते हजार रुपये मिळविणारा कारकून-मास्तरांचा वर्ग हा गोखल्यांचा स्वतःचा वर्ग होता. त्याच्यासाठी त्यांनी मागितले, परंतु त्याच श्वासात प्राप्तिकराचे नावही न ऐकलेल्या माणसासाठीही मागितले. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, दोन्ही गोष्टी झाल्या. मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजारावर गेली. ज्यांचा कर त्या वर्षी सुटला त्यांची विम्याच्या हप्त्यावरची सूटही अर्थातच सुटली. पण कराबरोबर सुटलेल्या सुटीबद्दल कोण तक्रार करणार? ही गोष्ट लक्षात ठेवावी. सव्वाशे वर्षांनी ती निराळ्या आकड्यांनिशी पुन्हा घडली आहे.

मधला काळ थोडक्यात सांगतो. १९२२ चा प्राप्तिकर कायदा, १९२५ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, १९६१ चा नवा प्राप्तिकर कायदा, १९६८ चा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधी, या साऱ्यांनी ती एक षष्ठांशाची सूट वाढवीत, सजवीत नेली. १९५२ च्या कायद्याने मात्र खरी नवी गोष्ट केली. कारखान्यातील कामगाराच्या वेतनातून काही भाग कापावयाचा आणि मालकाने तेवढीच भर घालावयाची, ही पद्धत त्याने सक्तीची केली. येथे कामगार प्राप्तिकर भरतो की नाही हा प्रश्नच उरला नाही. भर मालकाकडून येत होती, कराच्या कागदातून नव्हे. महाराष्ट्राने तर १९६९ साली याच्याही पुढे पाऊल टाकले. माथाडी कामगारांना एक मालक नसतो. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या. तेव्हा मंडळ स्थापून, मजुरीवर व्यापाऱ्यांकडून ठराविक आकार घेऊन, त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी उभा करावयाचा, असा मार्ग माथाडी कायद्याने काढला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे हे फळ. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला निवृत्तीचा विचार करता यावा, ही गोष्ट त्यापूर्वी बाजारपेठेत कोणी गंभीरपणे बोलत नसे.

प्राप्तिकरातील सवलतीच्या कहाणीत एक टप्पा जरा समतेचा होता. १९९० पासून सुमारे दीड दशक बचतीवरची सूट उत्पन्नातून वजा न होता करातून वजा होत असे, आणि तिचा मूळ दर वीस टक्के असा ठरलेला होता. लहान आणि मोठा करदाता यांना शंभरामागे वीसच मिळत. २००५ च्या अर्थसंकल्पाने पुन्हा उत्पन्नातून वजावट आणली. ज्याचा कराचा दर अधिक त्याला लाभ अधिक, हा जुना न्याय परत आला. करच न भरणारा दोन्ही पद्धतींत दाराबाहेरच होता.

त्याला दारात आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न २०१० साली झाला. डॉ. सुरेंद्र दवे यांच्या समितीने असंघटितांच्या वार्धक्याचा प्रश्न दहा वर्षांपूर्वीच मांडून ठेवला होता. प्रणव मुखर्जी यांच्या अर्थसंकल्पातून ‘स्वावलंबन’ योजना निघाली : जो वर्षाला किमान हजार व कमाल बारा हजार रुपये निवृत्तिवेतनाच्या खात्यात टाकील, त्याच्या खात्यात सरकार आपले हजार रुपये घालील. हजार टाकणाऱ्याला हजार, म्हणजे शंभराला शंभर. करदात्याला मिळणाऱ्या सवलतीचे हे करहीन माणसासाठी काढलेले भाषांतर होते, आणि माझ्या मते ते बरे भाषांतर होते. पण मिळणारे निवृत्तिवेतन किती याची हमी त्यात नव्हती, आणि रोज मिळविणाऱ्याला हमी हवी असते.

मग आला २०१५ चा अर्थसंकल्प. २८ फेब्रुवारीला तो मांडला गेला, आणि त्यात दोन गोष्टी एकत्र नांदत होत्या. एक अटल निवृत्तिवेतन योजना. अठरा ते चाळीस वयाच्या माणसाने दरमहा ठराविक रक्कम भरावी, साठाव्या वर्षानंतर दरमहा हजारापासून पाच हजारांपर्यंत हमीचे वेतन घ्यावे. जो प्राप्तिकर भरीत नाही, दुसऱ्या कायदेशीर सुरक्षा योजनेत नाही आणि सुरुवातीच्या मुदतीत दाखल झाला, त्याच्या वर्गणीच्या निम्मी किंवा वर्षाला हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी ती सरकार पाच वर्षे घालील. दुसरी गोष्ट म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतीत पैसे टाकणाऱ्या करदात्याला पूर्वीच्या दीड लाखाखेरीज आणखी पन्नास हजारांची वजावट. आता हिशेब मांडून पाहावा. अठरा वर्षांची मुलगी हजार रुपयांच्या वेतनासाठी महिन्याला बेचाळीस रुपये भरते. वर्षाचे झाले पाचशे चार. सरकारची भर दोनशे बावन्न, तीही पाच वर्षेच. तीस टक्क्यांचा करदाता पन्नास हजार टाकतो आणि वर्षाला पंधरा हजारांचा कर वाचवितो; त्याला पाच वर्षांची मुदत नव्हती. दोन्ही तरतुदी एकाच भाषणातून निघाल्या. एकीला ‘खर्च’ म्हटले गेले आणि दुसरीला ‘सवलत’. सरकारी हिशेबात या दोन शब्दांची घरे निराळी आहेत, आणि खर्चाच्या घरावर जेवढी डोळ्यांत तेल घालून नजर असते तेवढी सवलतीच्या घरावर नसते, हे कचेरीत वर्षे काढलेला कोणीही सांगेल.

आता बंगळूरकडे वळू. शहाजीराजांची जहागीर म्हणून हे शहर मराठी माणसाला जवळचे. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भावसार आणि नामदेव शिंपी या समाजांत मराठीच्या जुन्या बोली अजून कानी पडतात. शिवणकामाशी त्यांचा संबंध जुना आहे. परंतु गेल्या काही दशकांत याच शहरात शिवणकामाचे फार निराळे रूप उभे राहिले. परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे प्रचंड कारखाने निघाले, आणि त्यांत काही लाख कामगार, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, यंत्रापुढे बसू लागल्या. यांच्यापैकी क्वचितच कोणाचा प्राप्तिकराशी संबंध येतो. भविष्यनिर्वाह निधी मात्र प्रत्येकीचा कापला जातो.

२०१६ च्या १० फेब्रुवारीला केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. नोकरी सुटल्यावर कामगाराने निधी काढला तर त्याला स्वतःचा वाटा व त्यावरील व्याज मिळेल. मालकाचा वाटा अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत खात्यात राहील. कागदावर पाहता यात वावगे काहीच दिसत नाही. वार्धक्याची पुंजी वार्धक्यापर्यंत टिकावी, याला कोण नाही म्हणेल? मालकाच्या बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतनाकडे जातात, तेव्हा प्रश्न होता तो उरलेल्या ३.६७ टक्क्यांचा, हजार रुपये वेतनामागे छत्तीस रुपये सत्तर पैसे.

त्या छत्तीस रुपयांसाठी १८ एप्रिल रोजी होसूर रस्त्यावर बोम्मनहळ्ळीकडे हजारो बायका कारखान्यांतून बाहेर आल्या आणि रस्त्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशी लोण पीण्या, जलहळ्ळी, म्हैसूर रस्ता असे शहरभर पसरले. बसगाड्या जळाल्या, हेब्बगोडीच्या पोलीस ठाण्यावर दगड पडले, लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. मोठ्या कामगार संघटनांनी पुकारलेला हा संप नव्हता. पुढाऱ्यांना कळण्याच्या आतच बायका रस्त्यावर होत्या. आणि १९ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत केंद्रीय कामगारमंत्री बंडारू दत्तात्रेय यांनी अधिसूचना मागे घेतल्याचे जाहीर केले.

हे का घडले, याचे उत्तर अडाणीपणा, अफवा असे देणारे लोक तेव्हा पुष्कळ भेटले. मला ते उत्तर पटत नाही. शिवणकारखान्यातील बाई चाळिशी-पंचेचाळिशीनंतर त्या यंत्रावर टिकत नाही. डोळे जातात, पाठ जाते, ठरलेले नग निघत नाहीत. तिचे वार्धक्य अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होत नाही. नोकरी सोडून निधी काढावयाचा, त्यातून कर्ज फेडावयाचे, जून महिन्यात मुलांची शाळेची फी भरावयाची, आणि दुसऱ्या कारखान्यात पुन्हा नवे खाते उघडावयाचे, हा तिचा क्रम होता. बाहेर सावकाराचे व्याज ज्या दराने चालते ते पाहता, निधीवरील आठ-पावणेनऊ टक्के व्याज सोडून कर्ज फेडणे हा शुद्ध व्यवहार आहे. करदात्याने पैसा पंधरा-वीस वर्षे अडकवून ठेवावा म्हणून सरकार त्याला करसवलतीच्या रूपाने किंमत देते. या बाईचाही पैसा अडकवावयाचा होता, परंतु त्याची किंमत कोणी तिला देऊ केली नव्हती. तिने इतकेच विचारले, असे मला वाटते.

त्याच सुमारास दुसरीकडे काय चालले होते तेही सांगितले पाहिजे. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री अरुण जेटली यांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या साठ टक्क्यांवर, ती वार्षिकीत न गुंतविल्यास, कर लावण्याची सूचना केली. उद्देश तोच : पुंजी म्हातारपणापर्यंत राहावी. ओरड झाली ती पांढरपेशांची; अग्रलेख आले, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, अर्जांवर सह्या जमल्या. ८ मार्चला ती सूचना लोकसभेत मागे घेतली गेली. आठ दिवस लागले आणि एक काचही फुटली नाही. दोन्ही वर्गांनी आपापला पैसा मोकळा करून घेतला. एकाजवळ त्यासाठी वर्तमानपत्र होते आणि दुसऱ्याजवळ होसूर रस्ता.

कारखान्यातील बाईला निदान कापण्यासारखे वेतन तरी आहे. बंगळूरच्या दक्षिण भागात बनशंकरी नावाची मोठी वस्ती आहे. बदामीची बनशंकरी ही कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवता. तिचेच स्थान येथे कनकपुरा रस्त्यावर आहे, आणि मंगळवारी राहुकाळात लिंबाच्या सालीत तेलवात घालून दिवे लावणाऱ्या बायकांची तेथे रीघ लागते. त्या दिव्यांसाठी लिंबे, वाती, फुलांच्या माळा विकणाऱ्या बायका देवळाबाहेर ओळीने बसलेल्या असतात. यांचा मालक कोण? देवी म्हणावी तर तिच्याकडून वर्गणी वसूल होणार नाही. माथाडी कायद्यासारखा आकार लिंबू घेणाऱ्या भाविकावर बसविता येणार नाही. या बाईसाठी जी काही भर पडावयाची ती सरकारकडूनच पडली पाहिजे. त्यातही अटल योजनेत चाळिशीनंतर प्रवेश नाही, आणि २०१९ साली निघालेल्या श्रमयोगी मानधन योजनेतही नाही.

श्रमयोगी मानधन योजना हिशेबाने अटल योजनेहून उदार आहे. महिना पंधरा हजारांच्या आत मिळविणारा, प्राप्तिकर न भरणारा असंघटित मजूर वयाप्रमाणे दरमहा पंचावन्न ते दोनशे रुपये भरतो आणि सरकार प्रत्येक हप्त्याला तेवढीच भर घालते, साठीपर्यंत. पुढे दरमहा तीन हजार. तरीही तिचे सभासद अर्ध्या कोटीच्या आसपासच राहिले, आणि अटल योजनेचे २०२५ साली आठ कोटींच्या पुढे गेले. अटल योजनेमागे बँका होत्या, हे त्याचे एक साधे कारण. त्या आठ कोटींतल्या बहुसंख्यांनी मात्र हजार रुपयांचेच वेतन निवडले आहे. महागाई दरसाल पाच टक्के धरली, तर आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलीला बेचाळीस वर्षांनी मिळणारे हजार रुपये आजच्या सुमारे एकशे तीस रुपयांइतके भरतील. एका मंगळवारच्या लिंबांचे मोलही त्याहून अधिक असेल.

परदेशात हा प्रश्न सुटला आहे असे नाही. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर न भरणाऱ्या माणसानेही वैयक्तिक निवृत्तिनिधीत २,८८० पौंड टाकले तर सरकार ७२० पौंड घालून ते ३,६०० करते. करच न भरता करसवलत, असे हे वरवर हास्यास्पद पण न्याय्य कलम आहे. परंतु ज्यांच्या मालकाने वर्गणी कर आकारण्याआधीच कापण्याची पद्धत स्वीकारली होती, त्या अल्पवेतनी कामगारांना ही भर मिळतच नसे. दोन शेजारणी, वेतन सारखे, वर्गणी सारखी. एकीला पंचवीस टक्के अधिक आणि दुसरीला शून्य, केवळ कचेरीच्या पद्धतीमुळे. वर्षानुवर्षे आरडाओरडा झाल्यावर २०२४-२५ च्या करवर्षापासून त्यांना भरपाई देण्याचे ठरले. याच देशाने १९०८ साली सत्तरी गाठलेल्या गरिबांना, कसलीही वर्गणी न घेता, आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत वेतन देण्याचा कायदा केला होता.

ती वर्गणीविरहित वाट आपल्याकडेही आहे, पण अरुंद. १५ ऑगस्ट १९९५ पासून निराधार वृद्धांना केंद्राकडून महिना पंचाहत्तर रुपये मिळू लागले. २००६ साली ते दोनशे झाले. ऐंशीच्या आतील वृद्धासाठी केंद्राचा वाटा पुढे तेथेच थबकला, वरची भर राज्ये आपापल्या ऐपतीप्रमाणे घालतात. २०१२ साली पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि राजस्थानच्या अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने ‘पेन्शन परिषद’ दिल्लीच्या जंतरमंतरवर जाऊन बसली. मागणी होती किमान वेतनाच्या निम्मे, किंवा दोन हजार, यांपैकी जे जास्त ते. सरकारी नोकराला अखेरच्या पगाराच्या निम्मे मिळत आले, मग हमालाला त्याच्या मजुरीच्या निम्मे का नको, हा बिनतोड सवाल होता. मी स्वतः सरकारी नोकर आहे, आणि केंद्राच्या नोकराच्या राष्ट्रीय पद्धतीतील खात्यात सरकार वेतनाच्या चौदा टक्के भर घालते, हे ठाऊक असता त्या सवालाला उत्तर देणे मला जमत नाही.

१९०३ सालची गोष्ट पुन्हा घडली असे वर म्हटले, ती २०२५ सालची. नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर उरला नाही. स्वतःच्या बचतीवरील जुन्या वजावटींना तर त्या पद्धतीत २०२० पासूनच जागा नव्हती. तेव्हा महिना पाऊण-एक लाख मिळविणारा सुखवस्तू गृहस्थ आणि देवळाबाहेरची लिंबूवाली, दोघेही प्राप्तिकर न भरणाऱ्यांच्या एकाच रकान्यात आले. गृहस्थाची वजावट गेली, पण करही गेला. लिंबूवालीचे काही गेले नाही आणि काही आलेही नाही. ती मिठावरचा कर भरणाऱ्यांची वारस, आज साबणावर आणि चपलेवर वस्तू व सेवा कर भरते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला, की सभासदाने वर्गणीचा पाव भाग खात्यात राखावा, आणि नोकरी सुटल्यावर सर्व रक्कम काढून घेण्यासाठी दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावे. कारण तेच दिले गेले, २०१६ साली दिले होते ते. बोम्मनहळ्ळीच्या कारखान्यांत शाळेची फी अजून जूनमध्येच भरावी लागते.